घरातला आवाज डोक्यात जातो तेव्हा: कुठून सुरुवात करायची आणि कशानंतर काय

शेजारी बसलेल्याचं मचमच चावणं, चहाचा भुरका, नाक ओढणं, पेनची टकटक. काही माणसांना हे आवाज नुसते नकोसे वाटत नाहीत. छाती धडधडते, जबडा आवळला जातो, समोरच्यावर ओरडावं किंवा तिथून पळून जावं असं होतं. असा माणूस ज्या घरात आहे, तिथे उपाय बहुतेक करून झालेले असतात. इअरप्लग येतात, दारं लावून बसणं होतं, भांडणंही होतात. चुकतो तो क्रम. सुरुवात केली जाते सगळ्यात अवघड जागी, म्हणजे रात्रीच्या जेवणाच्या ताटावर. आणि जे पहिल्या आठवड्यात करायचं ते सहा महिन्यांनी, सगळे एकमेकांवर चिडून बसल्यावर आठवतं. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

1. आधी त्रास कुठल्या जातीचा आहे ते ठरवा

सगळ्याला सरसकट "आवाजाची ॲलर्जी" म्हटलं की उपाय उलटे पडतात. तीन गोष्टी वेगळ्या काढा.

मिसोफोनियात त्रास ठरावीक आवाजांचा असतो, आणि ते आवाज हळू असले तरी होतो. मिक्सर चालतो, रिक्षाचा हॉर्न चालतो, पण आबांनी बशीतून ओढलेला चहा चालत नाही. मनात उठतो तो राग किंवा किळस. बहुधा दहा-बारा वर्षांच्या आसपास हे सुरू होतं, आणि पुष्कळदा घरातल्याच कुणाच्या तरी आवाजापासून.

हायपरॲक्युसिसमध्ये प्रश्न आवाजाच्या मोठेपणाचा असतो. मोरीत भांडं पडलं, कुकरची शिट्टी झाली, की कानात कळ जाते. तो आवाज कोणी केला याने काही फरक पडत नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची भीती. मिक्सरचं भांडं ओट्यावर दिसलं तरी, बटण दाबायच्या आधीच मूल कान झाकून रडायला लागतं.

स्वमग्न मुलांमध्ये यातलं एक किंवा सगळं एकत्र असू शकतं. मोठ्यांमध्येही दोन गोष्टी एकत्र सापडतात.

*तपासा:* तोच आवाज बसमधल्या अनोळखी माणसाने केला तर त्रास तेवढाच होतो का? स्वतः कुरमुरे खाताना होतो का? अनोळखी माणसाचं कमी खटकत असेल आणि स्वतःचं अजिबात खटकत नसेल, तर मिसोफोनियाची शक्यता जास्त.

*सावधान:* एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, किंवा तोंड एका बाजूला वाकडं होऊन त्या बाजूचे आवाज एकदम मोठे वाटू लागले, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोक्याला मार लागल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तरीही आधी डॉक्टर.

2. आठवडाभर वही

कोणालाही काहीही सांगण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. ज्याला त्रास होतो त्यानेच लिहायचं. मूल लहान असेल तर आई किंवा बाबांनी. आवाज कोणता, कोणाचा, किती अंतरावर, मागे पंखा किंवा टीव्ही चालू होता का, पोटात काही होतं का, झोप झाली होती का, त्रास शून्य ते दहामध्ये किती, आणि नंतर काय केलं. नोंदी अशा दिसतील:

"मंगळवार, संध्याकाळी साडेसात. आबा, चिवडा. समोरासमोर. पंखा बंद, आबांना सर्दी. दुपारी डबा खाल्ला नव्हता. 8. उठून गेले, दार आपटलं."

"गुरुवार, तीच वेळ. आबा, चिवडा. मी सोफ्यावर त्यांच्या बाजूला. पंखा चालू, टीव्हीवर बातम्या. दुपारी डबा खाल्ला होता. 3. बसून राहिले."

माणूस तोच, चिवडा तोच. मधला फरक पंख्याचा, भुकेचा आणि समोरासमोर बसण्याचा आहे. हे तिन्ही आबांना एक शब्दही न बोलता बदलता येतात. वहीचा उपयोग एवढ्यासाठीच.

*नेहमीची चूक:* वहीचा आरोपपत्रासारखा वापर. "बघा, आठवड्यात अकरा वेळा तुम्ही" असं वाचून दाखवलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या संपल्या. वही घरच्यांना दाखवायची नाही. ती डॉक्टरला आणि पुढच्या मांडणीसाठी.

3. बोलणी: कधी, कोणी, कोणाशी

आवाज चालू असताना बोलायचं नाही. जेवताना नाही, जेवल्यावर लगेच नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. रविवारी सकाळी, सगळ्यांची पोटं भरलेली असताना, आणि एका वेळी एकाच माणसाशी. घरभर बैठक बोलावली की एकजण "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणतो आणि बाकीचे त्यात सूर मिसळतात.

ज्याला त्रास आहे त्याने तीन गोष्टी सांगायच्या: मला काय होतं, त्यात तुमची चूक नाही, आणि माझी एक छोटी मागणी. उदाहरणार्थ:

"आबा, चहाच्या आवाजाने माझं डोकं एकदम उठतं. तुमचा राग नाही, तुम्ही मुद्दाम करता असंही नाही. तुम्ही चहाला बसलात की मी पंखा मोठा करीन, नाहीतर गॅलरीत जाऊन येईन. तेव्हा मला हाक मारू नका, एवढंच."

यात आबांना काहीच बदलायला सांगितलेलं नाही. पहिली मागणी अशीच असावी, कारण ती मान्य होते. सत्तर वर्षं बशीतून चहा पिणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी "आवाज न करता प्या" म्हटलं, तर तो चहा प्यायचाच बंद होतो किंवा मुद्दाम मोठ्याने पितो.

अवघड प्रकरण सुनेचं. सासऱ्यांच्या खाकरण्याचा त्रास होणारी सून हे त्यांना तोंडावर सांगू शकत नाही, आणि सांगू नयेच असं माझं मत आहे. हे काम नवऱ्याचं. त्यानेही "तिला तुमचा आवाज सहन होत नाही" असा निरोप पोचवायचा नाही. "बाबा, तिला हा त्रास शाळेत असल्यापासून आहे, तिच्या माहेरीही होता. सकाळी थोडा वेळ ती आतल्या खोलीत जेवली तर वाईट वाटून घेऊ नका," एवढं पुरतं. त्रास लग्नाआधीपासूनचा आहे हे कळलं की निम्मा गैरसमज तिथेच मिटतो.

"मुद्दाम करते, नाटकं आहेत" असं कोणी म्हणालं, तर ही माहिती उपयोगी पडते: 2017 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी मिसोफोनिया असलेल्यांना त्यांचे नकोसे आवाज ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. भावना आणि शरीराची जाणीव यांच्याशी जोडलेला इन्सुला नावाचा भाग त्यांच्यात फार जास्त काम करताना दिसला. नाडीचा वेग आणि घामही वाढला. 2021 मध्ये त्याच गटाला आढळलं, की तोंड-जबडा हलवणाऱ्या मेंदूच्या भागाशी ऐकण्याच्या भागाचं नातं या लोकांमध्ये जास्त घट्ट असतं. नाडी आणि घाम नाटक करून वाढवता येत नाहीत.

आता दुसरी बाजू. घरच्यांकडे काय मागता येत नाही, तेही याच बोलण्यात ठरवा. दम्याचा खोकला, कवळीचा आवाज, पक्षाघातानंतरचं अडखळत गिळणं, तान्ह्या बाळाचं रडणं यांवर तक्रार चालणार नाही. तिथे हलायचं ते त्रास होणाऱ्याने. "मग आम्ही काय श्वासही घ्यायचा नाही का?" हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर हीच यादी आहे.

*सावधान:* चिडवणं पहिल्या दिवसापासून बंद. भाऊ गंमत म्हणून कानाजवळ येऊन मचमच करतो आणि सगळे हसतात, असं ज्या घरात चालतं तिथे बाकी एकही पायरी लागू पडत नाही. तसंच त्रास होणाऱ्यानेही समोरच्याची नक्कल करायची नाही. अनेकांना आवाज ऐकल्यावर तो स्वतः करून बघितला की थोडं हलकं वाटतं. पण समोरच्याला तो अपमानच वाटतो. करायचं असेल तर तोंड मिटून, आतल्या आत.

4. घराची मांडणी

एकाच क्रमाने: आधी मागचा आवाज, मग बसायची जागा, मग वस्तू, शेवटी वेळ. उलट्या क्रमाने गेलात तर घरच्यांचं वेळापत्रक आधी बदलतं आणि कुरबुर वाढते.

मागचा आवाज म्हणजे पंखा, एक्झॉस्ट, कूलर, हळू लावलेला रेडिओ. पूर्ण शांततेत चावण्याचा आवाज उठून दिसतो, पंख्याच्या घरघरीत तो बुडतो. जेवताना शांतता पाळणारी घरं या बाबतीत सगळ्यात जास्त त्रासात असतात. मागचा आवाज मात्र एकसारखा हवा. जाहिराती मध्येच किंचाळणारा टीव्ही हायपरॲक्युसिस असलेल्याला चालत नाही.

जागा: समोर नको, बाजूला. अनेकांना चावणारा जबडा नुसता दिसला, हलणारा पाय दिसला तरी त्रास होतो. एकाच ओळीत बसलं तर हे टळतं. भिंतीशी पाठ आणि दाराजवळची खुर्ची त्रास होणाऱ्याची.

वस्तू: खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे किंवा रबराचे बूच लावा. बिजागऱ्यांना तेल द्या. स्टीलचं ताट थेट ग्रॅनाइटवर ठेवू नका, खाली कापडी मॅट टाका. मिक्सरखाली रबरी मॅट ठेवा, जाड टॉवेल नको. बऱ्याच मिक्सरची हवा खालून खेळते, मोटर तापते. आणि लावण्याआधी हाक द्या, "मिक्सर लावतेय गं". भीती आणि हायपरॲक्युसिस दोन्हींत ही एक हाक फार उपयोगी पडते.

*सावधान:* कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून वजन दाबून धरणं, कापड गुंडाळणं, दुसरं काही ठेवणं, यातलं काहीही करू नका. स्फोट होतो. पूर्ण वाफ धरली, शिट्टी हलायला लागली, की गॅस अगदी बारीक करा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ लावा. डाळ शिजते.

मोबाइलचा नियम मात्र सगळ्यांना सारखा. रील्स, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, क्रिकेट: घरात स्पीकरवर काही नाही, इअरफोन लावून. कीपॅडचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन बंद. हा नियम आजोबांपासून नातवापर्यंत लागू असेल तरच टिकतो.

5. कानात घालायची साधनं

इअरप्लग पहिल्या पायरीवर नाहीत याला कारण आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, ऐकण्याचा काहीही त्रास नसलेल्या लोकांनी दोन आठवडे कान झाकून ठेवले, आणि त्यांना आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. ज्यांनी तेवढेच दिवस कानात हलका सळसळता आवाज देणारं यंत्र वापरलं, त्यांची सहनशक्ती वाढली. म्हणजे दिवसभर कान बंद ठेवून घरात वावरणं हा हायपरॲक्युसिस वाढवायचा रस्ता आहे.

प्लग लागतात ते वरातीत, फटाक्यांत, शेजारी ड्रिल चालू असताना. फोमचा प्लग बोटांत दाबून बारीक वळकटी करा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नुसता टोचून ठेवलेला प्लग जवळजवळ काही करत नाही.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताना एक गोष्ट माहीत असू द्या. ते विमानाची, एसीची सलग घरघर छान कापतात. चावण्याचे, चमच्याचे तुटक आवाज तितके नाही. हजारो रुपये घालून निराश होणारे बरेच असतात. त्यात वरून पावसाचा किंवा पंख्यासारखा आवाज हळू लावला की काम होतं. आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्याहून जास्त नको.

*तपासा:* हेडफोन लावल्यावर दाराची बेल आणि गॅसवरचं दूध उतू गेल्याची हाक ऐकू येते का? येत नसेल तर घरात एकटं असताना ते वापरू नका.

6. उठून जायची सोय, आणि परत यायची

पहिला भाग सगळे करतात, दुसरा कोणीच नाही. उठून जाणं ठरलेलं असेल तर त्यात परत येणंही ठरलेलं असलं पाहिजे. नाहीतर ते हळूहळू खोलीत कोंडून घेणं होतं.

खूण ठरवा. पाण्याचा पेला उलटा ठेवला, की "मी जाऊन येते". कोणी "काय झालं" विचारायचं नाही, मागे जायचं नाही, डोळे फिरवायचे नाहीत. जागा ठरवा: गॅलरी, गच्ची, एका खोलीच्या घरात जिन्यावरची पायरीसुद्धा. तिथे जबडा सैल सोडायचा, तोंडावर गार पाणी मारायचं, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, कारण मग दहा मिनिटांचा तास होतो. पाच ते दहा मिनिटांनी परत, आणि आल्यावर त्या विषयावर एकही शब्द नाही.

खूण चारवर द्यायची, आठवर नाही. आठवर पोचलेल्या माणसाला पेला उलटा ठेवायचं सुचत नाही, तो फेकायचं सुचतं. आपला चार कसा असतो हे वहीतून कळतं; कुणाचे खांदे वर जातात, कुणी एकच घास चावत बसतं.

*सावधान:* त्रास खरा आहे म्हणून हात उचलणं, वस्तू फेकणं, आईला टाकून बोलणं माफ होत नाही. हे शांत वेळी, एकदाच, स्पष्ट सांगून ठेवा.

7. आता जेवणाचं ताट

इथवरचं सगळं दोन-तीन आठवडे अंगवळणी पडल्यावरच. आणि "बस इथे, सवय होईल" हे नाही. जबरदस्तीने बसवून ठेवलेल्या माणसाला त्या आवाजाची सवय होत नाही, त्या माणसाचा राग मात्र पक्का होतो. बाप आणि मुलगी वर्षानुवर्षं एका टेबलावर न बसणारी घरं याच वाक्यातून तयार होतात.

आधी न खाता एकत्र बसा. वाढायच्या आधीची पाच मिनिटं, भाजी निवडताना, पत्ते खेळताना. ज्याच्या आवाजाचा त्रास होतो, त्याच माणसासोबत. मनात तो माणूस आणि तो आवाज एकमेकांना चिकटलेले असतात, ते थोडे सुटे व्हावेत यासाठी.

मग एखादा मऊ, कमी आवाजाचा पदार्थ एकत्र: मऊ भात-वरण, उपमा, शिरा. पंखा चालू, एका ओळीत, दहा मिनिटं. पापड, काकडी, चिवडा, शेंगा, मुळा हे त्या दहा मिनिटांत ताटात नकोत. नंतर खुशाल वाढा, तेव्हा ज्याला उठायचं तो उठेल. त्रास होणाऱ्यानेही त्या दहा मिनिटांतच खायचं, आधी किंवा नंतर नाही. स्वतःचं चावणं चालू असलं की दुसऱ्याचं कमी ऐकू येतं. दह्या-ताकाचा भुरका हा बहुतेक घरांतला शेवटचा किल्ला. तिथे ताक पेल्यात देऊन बघा. वाटी तोंडाला लावली की भुरका ठरलेला.

दहा मिनिटं चार-पाच दिवस सरळ गेली तर पंधरा. एखादा दिवस बिघडला तर परत दहा. दिवसातून एक जेवण एकत्र पुरे, तिन्हीचा आग्रह नको. उरलेली दोन वेगळी झाली तर कुटुंब मोडत नाही.

*नेहमीची चूक:* एक दिवस नीट गेला की लगेच "बघ, जमतं की तुला!" म्हणणं. दुसऱ्या दिवशी जमलं नाही तर तेच वाक्य पुरावा म्हणून वापरलं जातं.

8. डॉक्टर: कोणाकडे आधी

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मळ आणि संसर्ग नाही ना हे बघायला. मग ऑडिओलॉजिस्टकडे ऐकण्याची चाचणी, आणि सोबत किती मोठा आवाज असह्य होतो याची वेगळी चाचणी. ती मागून घ्यावी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था अशा कामासाठीची सरकारी संस्था आहे. हायपरॲक्युसिस असेल तर हळू आवाजाने सहनशक्ती वाढवत नेण्याचा उपचार ऑडिओलॉजिस्टकडूनच सुरू होतो.

मिसोफोनिया असेल तर पुढचा माणूस मानसोपचारतज्ज्ञ किंवा सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) करणारा मानसशास्त्रज्ञ. ॲमस्टरडॅममध्ये गटाने दिलेल्या सीबीटीचा फायदा दिसला आहे, सगळ्यांना नाही. यावर मान्यता मिळालेलं औषध नाही. मानसोपचाराच्या अधिकृत आजारयादीत मिसोफोनिया अजून नाही, व्याख्येवर तज्ज्ञांचं एकमत 2022 मध्ये झालं. त्यामुळे डॉक्टरने नाव ऐकलेलं नसण्याची तयारी ठेवा. नावावर वाद न घालता वहीतली पानं पुढे करा.

कानात कोमट तेल, लसणाचं तेल घालणं नको. ठरावीक बैठकांत "मुळासकट" बरं करणाऱ्यांना आगाऊ पैसे नकोत. मुलाला जगणं नको झालंय असं बोलण्यातून जाणवलं, तर क्रम सोडा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर लगेच फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

9. बिघडायचे दिवस

परीक्षा, मुक्कामी पाहुणे, कमी झोप, पाळीचे दिवस. या काळात सहावी पायरी तेवढी चालू ठेवा, सातवी थांबवा. पाहुण्यांना आधी फोनवर एक वाक्य सांगून ठेवा: "तिला आवाजाचा त्रास आहे, मध्येच उठली तर मनावर घेऊ नका." आल्यावर ताटावर समजावून सांगायची वेळ येऊ देऊ नका.

नवा आवाज यादीत आला तर घाबरू नका, पण घाई करा. कालपर्यंत चालणारी भावाची कीबोर्डची टकटक आज खटकली, तर आजच मागचा आवाज आणि जागा बदला. नवा आवाज रुजण्याआधी हलवणं सोपं असतं.

गणपतीत आणि लग्नसराईत हायपरॲक्युसिसवाल्यांसाठी मिरवणुकीचा रस्ता आणि वेळ आधी काढून ठेवा. त्या संध्याकाळी नातेवाइकांकडे मुक्काम हा सगळ्यात स्वस्त उपाय. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. सणांसाठी वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते हे जिल्हा प्रशासन आधी जाहीर करतं. कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. इतर दिवशी दहानंतर डीजे चालू असेल तर 112 वर तक्रार करता येते.